खुश्करूदचा साक्षीदार

रबिलाखर ६

आज दुपारी खुश्करूदला पोचलो. गाव लहान, मातीच्या तटातलं. तटाबाहेर जर्दाळूच्या बागा आहेत आणि फळं पिकली आहेत. वाटेवरच दोन तोडून खाल्ली. कुंपणापलीकडून एका बाईने माझं गाव विचारलं आणि म्हणाली, निशापुरात झाडं नसतात का. मी म्हणालो, असतात, पण त्यांच्यामागे इतकी नजर नसते. ती हसली नाही. मी मात्र आज सगळ्यालाच हसतो आहे.

ज्याच्यासाठी आलो तो माणूस जिवंत आहे. शेख मिहरान. वय एकशेतीस सांगतात. एकशेदहा वर्षांपूर्वी सुलतानाच्या फौजेपुढे हे गाव पडलं, रूदानी घराणं संपलं आणि शेवटचा अमीर शीरजाद कुटुंबासह नाहीसा झाला. त्या दिवशी मिहरान दरवाजावर पहाऱ्याला होता. माझे उस्ताद त्या घराण्याचा इतिहास रचत आहेत. निशापुरात आमच्याकडे जी हकीकत आहे तिच्यात आमच्या आणि त्या दिवसाच्या मध्ये पाच तोंडं आहेत. याने त्याच्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून. इथे मध्ये एकच तोंड असेल. साखळी जितकी आखूड तितकी बातमी पक्की.

उस्ताद म्हणाले, खोटारडा असेल तर पकडून ये, खरा असेल तर पाठ करून ये. मला दोन्ही येतं.

नूशीनला सातवा महिना आहे. बाळाच्या आधी परततो असं तिला सांगितलंय.

रबिलाखर ८

शेखच्याच घरात खोली मिळाली. घर सांभाळणारी माहक म्हणजे ती कुंपणापलीकडची बाई. तिने भाकरी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, जर्दाळूने भूक मेली नसेल तर खा.

रईस काकूया, म्हणजे गावचे प्रमुख, येऊन गेले. रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. कुणी पाठवलं, किती दिवस राहणार, इथे आलोय हे आणखी कुणाला माहीत आहे, असं विचारत राहिले. मग मीही विचारलं. गावाला शेखचं इतकं काय, दारावर पहारा कशाला. ते म्हणाले, त्याचं तोंड म्हणजे आमची जमीन. सुलतानाने तेव्हा शीरजादला कुटुंबासह अभय दिलं होतं. त्यांच्या केसाला धक्का लागला तर गावाची शेतं आणि पाणी जप्त. गावाने शपथेवर सांगितलं की अमीर आदल्या दिवशीच जमिनीखालच्या पाटाने पळाला, आम्ही त्याला हातही लावला नाही. ते ग्राह्य धरलं गेलं. पण प्रत्येक नवा काझी ते पुन्हा ऐकून घेतो, आणि ऐकतो ते पाहिलेल्याच्या तोंडून. कागदाला तो विचारत नाही.

मी म्हणालो, आमच्या धंद्यातही असंच आहे. रईस म्हणाले, तुमच्या धंद्यात कुणी उपाशी मरत नाही.

उन्हाळा कडक आहे. तटाच्या आतच बर्फघराचा सुरेख घुमट दिसतो, म्हणून माहककडे थोडा बर्फ मागितला. ते भरत नाहीत, म्हणाली. दार विटांनी बंद आहे. इथे पाणी असंच पितात. घसा नाजूक असेल तर निशापूर गाठा.

रबिलाखर ११

आज पहिली बैठक. शेख मिहरान खोलीच्या कोपऱ्यात चटईवर बसतात. अंगावर मांस नाही, पण दात शाबूत आहेत आणि नजर स्वच्छ. दोन्ही तळहात पांढुरके, चरे पडलेले. चुन्याने भाजल्यासारखे. विचारलं तर म्हणाले, नंतर दरवाजा दुरुस्त केला होता.

मी आधी जाळं टाकलं. शंभरी ओलांडल्याची बतावणी करणारे मी तीन पकडले आहेत. सगळे वर्षांत फसतात. त्या वर्षी मर्वला काय झालं? पूर, म्हणाले, आणि पूल वाहून गेला. आकाशात काय दिसलं? शेपटीचा तारा, पहाटे, पूर्वेला. काझी कोण होता, गहू कसा विकला, इमाम कोणत्या दुखण्याने गेला. सगळं बरोबर. मी मनात चुका शोधत होतो आणि एकही मिळेना. 

एकच गोष्ट चमत्कारिक. बापाचं नाव विचारलं. त्यांनी डोकं हलवलं. आईचं? आठवत नाही. कुठे जन्मलात? डोळे मिटले. त्यांना वेढ्याचे ते दिवस लख्ख आठवतात, आधीचं काहीच नाही.

मी हे त्यांच्या बाजूनेच धरलं. खोटारड्याने बाप आधी तयार ठेवला असता.

रबिलाखर १९

रोज थोडंच सांगतात. मी ऐकतो आणि पाठ करतो. एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. उस्ताद याच एका गोष्टीवर माझी स्तुती करतात.

गाव मला सहन करत नाही. मला ‘कान’ म्हणतात. तंदूरवाला सगळ्यांना गरम भाकऱ्या देतो आणि मला कालची देतो. आज म्हणाला, “ए कान, ऐकून ऐकून जड नाही झालास? चालताना तोल जाईल एखाद दिवशी.” बाकीचे खदखदून हसले. मीही हसलो, तेव्हा ते थांबले.

खेचर लंगडतंय. काल धड होतं. नाल आणि मांस यांच्यामध्ये खडा सापडला, आत ठोकल्यासारखा. माहकला सांगितलं. ती म्हणाली, खडे इथे पुष्कळ.

जमादिलावल २

हकीकत पुरी ऐकून झाली. आता मी म्हणायची, त्यांनी ऐकायची, जिथे चुकेल तिथे थांबवायचं. त्यांनी शेवटी हो म्हटलं की ती माझी. मग मी निघायला मोकळा.

सुरुवात आम्ही जशी करतो तशीच केली. शेख मिहरानने मला सांगितलं, तो म्हणाला. त्यांनी हात वर केला. मला वाटलं उच्चार चुकला. पुन्हा म्हटलं, पुन्हा हात. तीन दिवस हेच चाललंय. पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीत.

आज चिडून विचारलं. ते म्हणाले, “माझं नाव कशाला घेतोस? मी समोरच बसलोय. दरवाजापासून सुरू कर.”

निशापुरात सांगणाऱ्याचं नाव गाळलं तर उस्ताद बाकावरून उठवतात. नाव गाळणं म्हणजे दुसऱ्याचे डोळे स्वतःच्या खोबणीत बसवणं, असं ते म्हणतात. पण इथे फक्त उजळणी आहे आणि म्हाताऱ्याचा मान राखायला हवा. नाव तिकडे गेल्यावर लावीन.

दरवाजापासून सुरू केलं. मी दरवाजावर पहाऱ्याला होतो. ते मान डोलवू लागले.

जमादिलावल ९

आज सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाही हात वर झाला नाही. संपल्यावर ते पुटपुटले, हो. मग भिंतीला टेकले आणि झोपी गेले.

रईस काकूया दारात बसून सगळं ऐकत होते. पहिल्यांदाच हसले. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलायला विसरल्यासारखे तसेच उभे राहिले.

संध्याकाळी माहकने मांस घातलेला भात वाढला. तंदूरवाल्याने भाकरी पाठवली. गरम. कानाबद्दल कुणी बोललं नाही. मशिदीत पुढच्या रांगेत एकजण उठला आणि मला जागा दिली. वयाने माझ्या दुप्पट होता.

परवा निघेन. खेचराचा पाय सुधारतोय.

जमादिलावल १५

निघालो नाही. ताप होता. रईस म्हणाले, या उन्हात जाल तर वाटेतच राहाल. बरोबर होतं.

अंथरुणात पडून हकीकत मनात म्हणत होतो. म्हणताना चुन्याचा वास आला. ओला, नुकता कालवलेला, नाकात चावणारा. शेखांनी सांगितलेल्या हकीकतीत चुना कुठेच नाही. दरवाजा आहे, धूळ आहे, घोडे आहेत, रिकामा वाडा आहे, पाटाच्या तोंडाशी सापडलेला जोडा आहे.

उठून त्यांच्याकडे गेलो. विचारलं, चुना कुठे होता? त्यांना प्रश्न समजलाच नव्हता. मग विचारलं, दरवाजावर तुमच्यासोबत कोण होतं? ते म्हणाले, कुठल्या दरवाजावर?

जमादिलावल २१

आज सकाळी शेखांनी मला हाक मारून विचारलं, बल्खचा काफिला गेला का. बोलणं वेगळंच, बल्खकडचं, शेवटचा स्वर ओढणारं. मी म्हणालो, कुठला काफिला. ते म्हणाले, मी खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा, माझं नाव दाराब. इथे शेख मिहरान म्हणून कुणी आहे, त्याच्याकडून शीरजादची हकीकत ऐकायला आलो. आता पाठ झाली, निघायला हवं, बायको वाट पाहत असेल. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. उलटे करून पाहिले. आणि रडू लागले, लहान मुलासारखे, आवाज न दाबता.

माहक आली आणि त्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली. तिने त्यांना शेख म्हटलं नाही. चल रे, म्हणाली.

जमादिलावल २३

बल्खचा माणूस गेला. तटाबाहेर पुरला. दगड ठेवला नाही. रईस आणि माहक सोडून कुणी आलं नाही. प्रार्थना मी म्हटली.

मी रईसांना म्हणालो, शेख गेले, आता काझीला काय सांगणार. त्यांनी माझ्या बाहीवरची माती झटकली. म्हणाले, “शेख कुठे गेले? शेख माझ्यासमोर उभे आहेत.”

मी ओरडलो. मी बुंदार, सहलचा मुलगा, निशापूरचा, मी पंचवीस वर्षांचा आहे, तो दिवस मी पाहिलेला नाही. ते ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “पाहिला नाहीत, मग कालवल्या चुन्याचा वास कुणाला आला?”

ते मी माहकला सांगितलं होतं का? तापात?

सामान बांधून दरवाजावर गेलो. पहारेकरी माझ्या पाया पडला. शेखसाहेब, उन्हात कुठे निघालात, म्हणाला. दुसरा आला. दोघांनी मला हाताला धरून घरी आणलं, अगदी हळू, वाटेतला प्रत्येक दगड दाखवत. मी हिसका दिला. त्यांना काहीच जाणवलं नाही. माझ्या हातात जोर उरला नव्हता.

जमादिलाखर ४

दाढीत पांढरे केस. बरेच.

तळहातांना खाज येते. कातडी पांढुरकी होऊन सुटतेय.

स्वतःवरच जाळं टाकलं. जे प्रश्न मी खोटारड्यांना विचारतो ते मोठ्याने विचारले आणि मोठ्याने उत्तरं दिली. वेढ्याच्या वर्षी मर्वला काय झालं? पूर. पूल वाहून गेला, मी पाहायला गेलो होतो, पाण्यात एक उंट उलटा वाहत होता. तारा? पहाटे. पूर्वेला. थंडी होती, माझ्या अंगावर भावाचा अंगरखा होता.

भाऊ कुठला? मला भाऊ नाही.

मग दुसरे. बापाचं नाव? सहल. हे वर लिहिलंय म्हणून सांगता आलं. आईचं? वर शोधलं, लिहिलेलं नाही. घर कुठल्या गल्लीत? दाराचा रंग? उस्तादांचा आवाज कसा होता?

खोटारडा इथेच पकडला जातो. मी पकडला गेलो.

जमादिलाखर १३

माहकला विचारलं, असं किती जणांना केलंत. ती डाळ निवडत होती. म्हणाली, आम्ही कुणाला बोलावत नाही. तुम्हीच येता, लांबून लांबून, हावरटासारखे. ऐकायचंय, आम्हालाच ऐकायचंय, मध्ये कुणी नको. मग घ्या.

मी म्हणालो, माझ्या बायकोला बाळ होणार आहे.

ती म्हणाली, “माझ्या नवऱ्यालाही मूल झालं होतं. इथेच, याच घरात. त्यानंतर दोन वर्षांनी तो चटईवर बसला. तुमच्याआधी बल्खवाला, बल्खवाल्याआधी तो.” डाळीतला खडा बाजूला ठेवला. “नाव गाळायला कुणी जबरदस्ती करत नाही, शेखसाहेब.”

तेव्हापासून ती मला वाढते आणि बोलत नाही.

रज्जब

तारीख विचारली तर सांगतात, शेखसाहेबांना तारखा कशाला.

दरवाजा मीच उघडला. पण ते नंतर. त्याआधी —

गावातल्या पाच जणांनी ठरवलं होतं, अमीर जिवंत असेतो वेढा उठणार नाही; अभयाची बातमी तेव्हा आली नव्हती. अमीरला सांगितलं, बर्फघरात लपा, आत थंड आहे, फौज गेली की काढतो. तो, बायका, दाई, मुलं. मी मशाल धरली होती. अमीर आत जाताना माझ्याकडे पाहून म्हणाला, पोरा, पाण्याची घागर आत दे. मी दिली.

मग विटा. चुना मीच कालवला. हाताने. फावडं नव्हतं, घाई होती —

रज्जब

आतून आधी हाका नव्हत्या. त्यांना वाटलं आम्ही त्यांना लपवतोय. दाई आतून म्हणाली, वरती एक फट राहिलीय, तीही बुजवा, उजेड दिसेल.

बुजवली.

रज्जब, शेवट

दाद मागायला कुणी आलं तर सांगायचं, अमीर पाटाने पळाला. पाटाच्या तोंडाशी जोडा मीच टाकला.

बर्फघराचं कुणीच सांगितलं नव्हतं. ना बल्खवाल्याने, ना माहकच्या नवऱ्याने. सगळ्यांच्या पोटात होतं, आणि सगळे पाटाचं सांगून मेले. म्हणूनच या गावाला जिवंत माणूस लागतो. खरं त्याच्या आत बंद असतं, आणि वरून —

नवा काझी मर्वहून निघालाय. त्याला बर्फघर सांगेन. विटा काढा म्हणेन. जमीन जाऊ दे यांची.

पण मग काझी विचारेल, चुना कुणी कालवला. आणि माझे हात —

काहीही असो. सांगेन. हे सांगणारा शीरजादचा पहारेकरी नसेल, मी असेन. एवढं तरी माझं.

शाबान

काझी आला. तरुण आहे. माझ्या हाताचं चुंबन घेतलं.

बर्फघर. जीभ तिथपर्यंत आणली. रईस मागे उभे होते, काही म्हणाले नाहीत. गरज नव्हती.

मी दरवाजावर पहाऱ्याला होतो, असं सुरू झालं. मग थांबता येईना. घोडे, धूळ, रिकामा वाडा, पाट, जोडा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी पाठ केलेलं कधी चुकत —

काझी रडला. शिक्का उमटवला. गावाने ढोल वाजवले.

शाबान, त्याच संध्याकाळी

काझीच्या काफिल्यासोबत एक बाई आली होती. नूशीन नावाची. बरोबर तिचा भाऊ, खांद्यावर तान्हं मूल. निशापूरची. नवरा इथे आला होता म्हणे. निरोप नाही, काही नाही.

रईस म्हणाले, तो होय, तो कधीच गेला. तिला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, यांना विचारते, हे पाहिलं तेवढंच सांगतात असं मर्वला सगळे म्हणतात. आणि माझ्यासमोर येऊन खाली बसली. मूल मांडीवर घेतलं.

“बाबा, तुम्ही पाहिलंत का त्याला? खरं सांगा. मेला असेल तरी सांगा.”

 तिच्या अंगाला कसला तरी वास होता, दुधाचा आणि आणखी कसला तरी, तो मला कुठून — मुलाने माझं बोट पकडलं. पांढऱ्या कातडीचा पापुद्रा त्याच्या मुठीत राहिला. तिने तो पुसला.

बरेच जण बघत होते. साक्षीदाराने गप्प बसायचं नसतं.

मी म्हणालो, पाहिला. सकाळी गेला, दरवाजातून, खेचरावर. निशापूरची वाट धरली.

म्हणताना दिसलाच. खरंच. खेचर जरा लंगडत होतं. पोरगा आनंदात होता, काहीतरी तोंडपाठ पुटपुटत होता. मी दरवाजावर होतो. त्याने मला सलाम केला.

तिने विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत? मी म्हणालो, या डोळ्यांनी. मग ती उठली. रडली नाही. मूल खांद्यावर टाकलं आणि भावाला म्हणाली, वाटेतच कुठेतरी शोधायला हवं.

आता दोघं तटाबाहेर पोचली असतील. हाक मारावीशी वाटते, का ते —

तो मला चांगला आठवतोय. उद्या कुणी विचारलं तर सांगता यावा म्हणून लिहून ठेवतो. वय पंचवीसच्या आसपास. रुंद कपाळ. पुढचा एक दात जरा आत वळलेला, जीभ फिरवली की टोचतो, इथे, खालच्या —